बाह्य छायाचित्रणातील ध्रुवक व वर्णवर्धक फिल्टर : चारकोपच्या कांदळवनातील अनुभवाच्या आधारे

चारकोपच्या वसाहतीच्या पश्चिम कडेस, जेथे सेक्टरांचे रस्ते संपतात, तेथून मनोरीच्या खाडीच्या दिशेने कांदळवन पसरलेले आहे. या वनातील तिवरांच्या पानांचा रंग पावसाळ्यानंतर कसकसा पालटतो याची नोंद छायाचित्रांच्या द्वारे ठेवावी, असा उपक्रम एका विद्यार्थिनीने हाती घेतला होता. दर पंधरवड्यास एकाच बांधावर उभे राहून, एकाच झाडांच्या रांगेचे चित्र घ्यावयाचे, एवढाच तो बेत. ऑक्टोबरातील चित्रात पाने राखी, निस्तेज दिसत होती. नोव्हेंबरातील चित्रात तीच पाने गर्द हिरवी. अळीने पाने खाल्ल्यानंतर तिवर पुन्हा पालवतो हे सर्वविदित असल्यामुळे तिने काढलेला निष्कर्ष साहजिकच होता : वन सावरले. चौकशीअंती असे कळले की, मधल्या काळात तिने एक ध्रुवक फिल्टर मिळविला होता आणि नोव्हेंबरातील चित्र त्यातून घेतले होते. पुढच्या खेपेस प्रस्तुत लेखक तिच्याबरोबर गेला. एकाच जागी उभे राहून फिल्टरची कडी पाव फेरा फिरविताच ‘ऑक्टोबर’ आणि ‘नोव्हेंबर’ ही दोन्ही चित्रे दोन मिनिटांच्या आत मिळाली.

तिवर सावरले नव्हते असे यावरून सिद्ध होत नाही; नवी पालवी डोळ्यांना दिसतच होती. परंतु किती सावरले, या प्रश्नाचे उत्तर देण्याची त्या दोन चित्रांची योग्यता मात्र नष्ट झाली होती.

या प्रसंगामुळे एक गोष्ट ध्यानी आली. फिल्टरांविषयी जे लिहिले व बोलले जाते ते बहुधा हौशी छायाचित्रकारास उद्देशून असते : आकाश निळेभोर कसे दिसेल, पाण्यावरची चकाकी कशी जाईल, संध्याकाळचा लाल रंग कसा खुलेल. संशोधनासाठी बाहेर चित्रे घेणाऱ्यास मात्र वेगळा प्रश्न विचारावा लागतो. काचेने प्रकाशातून नेमके काय काढून घेतले आणि त्या वजाबाकीची नोंद आपल्यापाशी आहे काय? कांदळवनाच्या बाबतीत तर हा प्रश्न प्रबंधापुरताही मर्यादित नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेशाने आणि २०१८ साली अंतिम निर्णयाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. तेव्हापासून भराव टाकल्याच्या, भरतीचे पाणी अडविल्याच्या, झाडे वाळल्याच्या तक्रारींना छायाचित्रे जोडली जातात, आणि त्यांपैकी पुष्कळांत रंग हाच पुरावा असतो.

प्रथम तत्त्व पाहू. सूर्यापासून थेट येणाऱ्या प्रकाशाची कंपने त्याच्या गतिदिशेस लंब असलेल्या सर्व दिशांनी सारखीच होत असतात. असा प्रकाश पाणी, काच, तैलरंग, पानावरील मेणाचा थर अशा अधातू पृष्ठभागावरून तिरकस परावर्तित झाला, म्हणजे त्यात पृष्ठभागाशी समांतर कंपनांचे प्राबल्य होते. यालाच ध्रुवण म्हणतात. मालूस या फ्रेंच अभियंत्याने १८०८ साली पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला, तेव्हा त्याला हा गुण प्रथम आढळला. ध्रुवक फिल्टर एकाच दिशेची कंपने पार जाऊ देतो. ध्रुवित प्रकाशाची दिशा व फिल्टरची दिशा यांत जो कोन असेल त्याच्या कोज्येच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश पार जातो, हा मालूसचाच नियम. कडी ४५ अंशांनी फिरविली तर निम्मा प्रकाश उरतो आणि ९० अंशांनी फिरविली तर, फिल्टर आदर्श असल्यास, काहीच उरत नाही. धातूच्या पृष्ठभागावरील परावर्तनात मात्र असे ठळक ध्रुवण होत नाही. म्हणून पत्र्याच्या छपराची लखलख फिल्टर कितीही फिरविला तरी जात नाही, पण शेजारच्या होडीच्या तैलरंगावरची चमक जाते.

ब्रूस्टरने १८१५ साली दाखविले की, प्रत्येक पदार्थासाठी एक विशिष्ट कोन असा असतो की त्या कोनातून परावर्तित झालेला प्रकाश पूर्णतः ध्रुवित असतो. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ धरल्यास हा कोन लंबाशी सुमारे ५३ अंशांचा, म्हणजे पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा येतो. या आकड्याचा व्यवहारातील अर्थ बहुतेक पुस्तकांत सांगितलेला नसतो, म्हणून तो येथे मांडतो. पाण्याच्या पातळीपासून कॅमेरा दीड मीटर उंच असेल, तर ३७ अंशांची दृष्टिरेषा पाण्यास दोन मीटरवरच मिळते. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला पायाजवळचे पाणी फिल्टरमुळे तळापर्यंत दिसेल. पण पन्नास मीटरवरच्या खाडीच्या पात्रावरची चकाकी बव्हंशी तशीच राहील, कारण तेथे दृष्टिरेषा पाण्याला जवळजवळ समांतर जाते. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून, समजा सहा मीटरवरून, पाहिले तर उत्तम परिणामाचा पट्टा आठ मीटरवर सरकतो. ‘फिल्टर लावला, तरी पाणी चमकतेच’ ही जी तक्रार ऐकू येते तिच्यात दोष बहुधा काचेचा नसून भूमितीचा असतो.

सूर्याच्या प्रतिबिंबाच्या बाबतीतही हेच. शांत पाण्यावर सूर्याची झळाळी सूर्याच्या उंचीइतक्याच कोनाने खाली दिसते. म्हणून सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असताना ती फिल्टरने जवळजवळ पूर्ण घालविता येते. चारकोपच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंश १३ कलांवर, डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारी पावणेतीनच्या सुमारास, मार्च विषुवदिनास चार वाजून काही मिनिटांनी आणि मेच्या मध्यास सव्वाचारच्या पुढे सूर्य या उंचीवर येतो. त्यानंतर, म्हणजे जेव्हा सोनेरी प्रकाशाच्या लोभाने बहुतेक छायाचित्रकार खाडीकाठी जमतात तेव्हा, फिल्टर पाण्यापुरता दर मिनिटास निरुपयोगी होत जातो. वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या तर हे सर्व हिशेब सैल होतात, हे सांगणे नलगे.

ध्रुवकाने पाण्यावरची चकाकी वजा करून पाण्याचा स्वतःचा रंग पाहण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मुंबईशी निगडित आहे, याची जाणीव विद्यार्थ्यांना क्वचितच असते. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या आगबोटीने परतत होते. समुद्राची निळाई म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत त्या काळी मान्य होते. रामन यांनी निकोलच्या लोलकातून, ब्रूस्टरच्या कोनाने, समुद्राकडे पाहिले. आकाशाचे प्रतिबिंब लोलकाने गाळले गेले, आणि निळाई नाहीशी होण्याऐवजी अधिक गडद झाली. अर्थात ती पाण्यातूनच येत होती. बोट मुंबई बंदरात असताना, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेने, त्यांनी यासंबंधीचे टिपण ‘नेचर’ नियतकालिकास लिहिले व ते त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या प्रकीर्णनाचा जो शोध तेथून सुरू झाला त्याची परिणती १९२८ च्या रामन परिणामात झाली. पाणी तांबड्या प्रकाशाचे काही अंशी शोषण करते आणि समुद्राच्या निळाईत या शोषणाचाही मोठा वाटा आहे, असे आज मानले जाते. पण त्यामुळे रामन यांच्या वजाबाकीचे महत्त्व कमी होत नाही. त्यांनी लोलक फिरवून दोन स्थिती पाहिल्या आणि त्या दोहोंतील फरकावरून अनुमान काढले, ही पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. चारकोपच्या बांधावरून हाच प्रयोग केला तर चकाकीखालून निळा रंग निघत नाही, गाळाचा खाकी रंग निघतो. तोही पाण्याचा खरा रंगच होय.

आता पानांकडे वळू. तिवराचे पान वरच्या बाजूने तुकतुकीत असते व खालच्या बाजूने पांढुरके. वरच्या बाजूवर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पृष्ठभागावरूनच परततो, तर काही भाग आत शिरून हरितद्रव्याकडून रंग घेऊन बाहेर येतो. पहिल्या भागाला पानाचा रंग नसतो; आकाश निळे असेल तर निळसर, ढगाळ असेल तर पांढरा, असा तो आकाशाचाच रंग असतो. दोन्ही भाग एकत्र मिसळले की हिरव्यावर राखेची झाक येते. ध्रुवक पहिल्या भागाचा काही अंश काढून टाकतो आणि म्हणून हिरवा गडद दिसतो. फिल्टरने त्यात हिरवा रंग घातलेला नसतो. झाडावरील पाने सर्व दिशांना वळलेली असल्याने एका वेळी सर्व पानांची चमक जात नाही. काहींची जाते, काहींची राहते, आणि कडी फिरविली की दुसऱ्याच पानांची पाळी येते. सूर्य पाठीशी ठेवून पाहिल्यास परावर्तन जवळजवळ सरळ परत येते, त्यात ध्रुवण अल्प असते व फिल्टरचा परिणामही अल्प होतो. पावसाळ्यात मात्र, आकाश पूर्ण झाकोळलेले असताना, जेव्हा पुष्कळ लोक ध्रुवक पिशवीत ठेवून देतात, तेव्हा तो पानांवर उत्तम काम करतो. ढगांचा प्रकाश ध्रुवित नसला तरी ओल्या पानावरून परावर्तित होताना तो ध्रुवित होतो. माझ्या मते या फिल्टरचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर हाच होय.

आकाशाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. निळे आकाश म्हणजे हवेच्या रेणूंनी प्रकीर्णित केलेला सूर्यप्रकाश. सूर्यापासून ९० अंशांवर असलेल्या आकाशाच्या पट्ट्यात तो सर्वाधिक ध्रुवित असतो, आणि सूर्याच्या जवळ किंवा सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूस जवळजवळ नसतोच. छायाचित्रकारांत रूढ असलेली युक्ती येथे उपयोगी पडते : तर्जनी सूर्याकडे रोखावी, अंगठा तिच्याशी काटकोनात धरावा आणि मनगट फिरवावे, अंगठा ज्या ज्या दिशा दाखवील तेथे तेथे फिल्टरचा परिणाम सर्वाधिक मिळेल. चारकोपचे कांदळवन वसाहतीच्या पश्चिमेस आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एक अनपेक्षित गोष्ट दिसून येते. सकाळी सूर्य पाठीमागे असतो. समोरचे पश्चिमेचे आकाश सूर्याच्या विरुद्ध बाजूचे, म्हणून अध्रुवित. संध्याकाळी सूर्य समोरच असतो, तेव्हाही तेच. सकाळी व संध्याकाळी फिल्टरचा आकाशावर प्रभाव पडतो तो उत्तरेस गोराईकडे किंवा दक्षिणेस मालवणीकडे कॅमेरा वळविला तरच. पश्चिम क्षितिज सूर्यापासून बरोबर ९० अंशांवर येते ते मध्यान्ही, आणि तेही वर्षातील प्रत्येक दिवशी. घड्याळातील बारा ही काही येथील मध्यान्हाची वेळ नव्हे. मुंबईची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे आहे (विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मुंबई टाइम’ म्हणून तीच वेळ येथे पाळली जात असे), त्यामुळे खरे मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी होते व ऋतूनुसार त्याच्या पंधरा-सतरा मिनिटे मागे-पुढे सरकते. छायाचित्रकार ज्या वेळेस सर्वांत रूक्ष म्हणून टाळतात तीच वेळ या काठावर ध्रुवकासाठी सर्वांत सोयीची आहे.

परंतु आकाश व पाणी या दोहोंवर एकाच वेळी परिणाम साधेल काय? याचे उत्तर ऋतूवर अवलंबून आहे. पाण्यावरची चकाकी आडव्या कंपनांची असते. आकाशातील प्रकाशाची कंपने, सूर्य व दृष्टिरेषा यांतून जाणाऱ्या प्रतलास लंब असतात. मेच्या मध्यास सूर्य मध्यान्ही चारकोपच्या डोक्यावर येतो. त्या वेळी क्षितिजालगतच्या साऱ्या आकाशाची कंपनेही आडवीच असतात. कडीची जी स्थिती आकाश गडद करते तीच चकाकीही मारते. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा निळे आकाश दिसेल तर नशीब. डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस सुमारे ४७ अंशांवर असतो. तेव्हा पश्चिम क्षितिजावरील आकाशाची कंपने आडव्या रेषेशी ४३ अंशांनी कललेली असतात. आकाश सर्वांत गडद होईल अशी कडी फिरविली तर मालूसच्या नियमाने पाण्यावरच्या ध्रुवित चकाकीचा सुमारे ४६ टक्के भाग तसाच आत येतो. आणि सूर्योदयाच्या वेळी उत्तरेकडे पाहिले तर आकाशाची कंपने उभी, चकाकीची आडवी : आकाश गडद केले की चकाकी पूर्ण आत, चकाकी मारली की आकाश फिके. तेथे दोहोंपैकी एकाची निवड करावीच लागते. कडी कोणत्या कारणासाठी कोठवर फिरविली हे टिपले नाही, तर अशा दोन चित्रांची तुलना करण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो.

येथे हवेचाही विचार केला पाहिजे. ९० अंशांवरील प्रकाश तत्त्वतः पूर्ण ध्रुवित असावा, पण स्वच्छ हवेतही तो तसा नसतो. धूळ व धूर यांचे कण रेणूंच्या मानाने मोठे असल्यामुळे त्यांच्याकडून होणारे प्रकीर्णन ध्रुवण आणखी कमी करते. मुंबईच्या हिवाळी धुरकटात फिल्टरचा परिणाम स्पष्टपणे उणावतो. पाऊस उघडल्यानंतरच्या दिवसांत तो सर्वांत अधिक असतो. हाही एक सापळाच आहे, कारण एकाच कोनात कडी ठेवूनही सप्टेंबरअखेरचे आणि जानेवारीचे आकाश वेगळे दिसेल आणि त्यातील किती फरक रंगाचा व किती ध्रुवणाचा, हे एका चित्रावरून सांगता येणार नाही. विस्तृत कोनाच्या भिंगाचीही एक अडचण आहे. पस्तीस मिलिमीटर पद्धतीच्या कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरचे भिंग आडव्या दिशेने सुमारे ६५ अंश सामावून घेते. तेवढ्या रुंदीत आकाशाचे ध्रुवण सर्वत्र सारखे नसल्यामुळे मध्येच एक काळसर पट्टा उमटतो. वृत्तपत्रांतील चित्रांतसुद्धा हा पट्टा अधूनमधून दिसतो व तो वादळी मेघाचा आहे असे समजले जाते.

उपकरणाविषयी थोडे. निकोलचा लोलक १८२८ सालचा. तो उत्तम, पण जाड, महाग आणि अरुंद. हेरापथ याने १८५२ साली क्विनीनच्या एका आयोडीनयुक्त क्षाराचे ध्रुवक स्फटिक वर्णिले. ते इतके ठिसूळ व लहान होते की त्यांचा प्रत्यक्ष उपयोग व्हावयास पाऊण शतक लागले. एडविन लँड या अमेरिकन तरुणाने १९२९ साली असे असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेने लावून पातळ पटल बनविण्याच्या कृतीच्या पेटंटासाठी अर्ज केला, आणि १९३८ मध्ये ताणलेल्या प्लॅस्टिकच्या पटलात आयोडीन मुरविण्याची कृती शोधली. आजचे फिल्टर या दुसऱ्या कृतीचेच वंशज आहेत. दुकानांत आज मिळणारा फिल्टर बहुधा ‘सर्क्युलर’ असतो; त्याचा कडीच्या गोल आकाराशी काही संबंध नाही. त्यात ध्रुवक पटलाच्या मागे एक पाव-तरंग पटल असते, आणि ते एकदिश झालेल्या प्रकाशाला वर्तुळध्रुवित करते. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात प्रकाशमापक व स्वयंफोकस यांच्याकडे प्रकाश अर्धपारदर्शक आरशातून जातो. एकदिश ध्रुवित प्रकाशाने तेथे चूक होऊ शकते, ती टाळण्यासाठी ही योजना. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांना तिची गरज नाही. फिल्टर कोणत्या जातीचा आहे हे पाहावयाचे झाल्यास कॅमेऱ्याकडची बाजू भिंतीवरच्या आरशाकडे करून त्यातून स्वतःचे प्रतिबिंब पाहावे. फिल्टरचे प्रतिबिंब काळे दिसले तर तो सर्क्युलर. कोणत्याही ध्रुवकाने प्रकाश निम्म्याहून अधिक कमी होतो. व्यवहारात दीड ते दोन स्टॉपचा तोटा धरावा.

दुसरा फिल्टर वर्णवर्धक म्हणून विकला जातो. या नावासच माझा आक्षेप आहे, कारण ही काचही काही वाढवीत नाही. ती डिडिमियमची काच होय. मोसँडर या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८४१ साली डिडिमियम हे मूलद्रव्य मानले होते. आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ साली त्याचे निओडिमियम व प्रेसिओडिमियम असे दोन भाग करून दाखविले. या धातूंचे क्षार मिसळलेली काच वर्णपटातील एक अरुंद पट्टा, मुख्यतः ५८५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा-नारिंगी भाग, शोषून घेते. सोडियमची पिवळी ज्योत याच पट्ट्यात येत असल्यामुळे काच फुंकणारे कारागीर याच काचेचे चष्मे वापरतात. छायाचित्रात तिचा परिणाम असा : ५८५ च्या आसपासचा प्रकाश कॅमेऱ्याचे तांबडे व हिरवे असे दोन्ही संवेदक टिपतात, म्हणजे हा पट्टा दोन रंगांमधील सामाईक जमीन आहे. ती काढून घेतली की तांबडा अधिक तांबडा व हिरवा अधिक हिरवा दिसतो. गेव्याची झडण्यापूर्वी तांबडी होणारी पाने या काचेतून पेटल्यासारखी दिसतात.

तोटा दिसतो तो तपकिरी रंगात. अळीने कुरतडलेल्या तिवराचा करडा-तपकिरी रंग हा वर्णपटाच्या पुष्कळ रुंद भागाचे मिश्रण असतो. त्यातून नारिंगी पट्टा काढला की उरलेले मिश्रण तांबूस होते. किड्याने खाल्लेले, क्षाराने करपलेले आणि वयाने पिकलेले पान, हा भेद ज्या छटांवरून ओळखावयाचा त्याच छटांवर ही काच घाला घालते. शिवाय सर्व चित्रावर किंचित जांभळट छटा येते आणि कॅमेऱ्याचे स्वयंचलित श्वेत-संतुलन ती दुरुस्त करू पाहताना इतर रंगही ढळविते. तीन संवेदकांनी टिपलेल्या चित्रातून हा हरवलेला पट्टा नंतर कोणत्याही संगणकीय प्रक्रियेने परत मिळविता येत नाही. निसर्गदृश्याच्या दिनदर्शिकेसाठी ही काच कोणी वापरली तर आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण नोंदीसाठी ती मुळीच वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या कृष्णधवल छायाचित्रणातील पिवळ्या व तांबड्या फिल्टरांची गोष्ट वेगळी होती. तेथे रंग नव्हताच. आकाश किती काळे करावे याचा तो उघड निर्णय असे आणि पाहणाऱ्यासही तो ठाऊक असे.

मग ध्रुवकाविषयी काय म्हणावे? तो खोटे बोलतो असे मला वाटत नाही. चकाकीसह दिसणारे पान हे डोळ्यांस दिसणारे पान आहे. चकाकीविना दिसणारे पान हे हरितद्रव्याच्या अधिक जवळचे आहे. दोन्ही खरी आहेत. खोटेपणा येतो तो एक दुसऱ्याच्या जागी ठेवल्याने. आणि हा बदल कागदोपत्री पकडता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात हॅश-मूल्य नमूद करावे लागते. चित्र तयार झाल्यानंतर त्यात फेरफार झाला नाही, एवढेच हॅश-मूल्याने दाखविता येते. फिल्टरचे काम चित्र तयार होण्यापूर्वीच, भिंगाच्या पुढे, उरकलेले असते. कॅमेरा छिद्रमान, वेग, भिंगाची लांबी आपोआप लिहून ठेवतो. समोर कोणती काच होती व तिची कडी कोठे होती हे त्याला ठाऊकच नसते. ते चित्र घेणाऱ्यानेच लिहिले पाहिजे.

आमच्या विद्यार्थिनीने आपला उपक्रम पुन्हा आखला, तेव्हा पुढील पद्धत ठरली. प्रत्येक भेटीत एकाच तिपाईवरून तीन चित्रे घ्यावयाची : एक फिल्टरविना, एक चकाकी सर्वांत कमी दिसेल अशा स्थितीत, आणि एक तिथून कडी ९० अंशांनी फिरवून. वेळ घड्याळाची न धरता सूर्याच्या उंचीची धरावयाची. श्वेत-संतुलन स्वयंचलित न ठेवता एका मूल्यावर स्थिर ठेवावयाचे आणि चौकटीच्या कोपऱ्यात राखी रंगाचे प्रमाण-कार्ड येईल असे पाहावयाचे. तीन चित्रांपैकी पहिले नोंदीचे. दुसरे व तिसरे यांतील फरक हा पृष्ठभागावरील चकाकीचाच नकाशा होय, आणि त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. रस्त्यालगतच्या झाडांच्या बाबतीत फिल्टर फिरवूनही चित्र फारसे बदलत नव्हते, तर आतल्या झाडांच्या बाबतीत लक्षणीय बदलत होते. रस्त्याकडच्या पानांवर धुळीचा जाड थर होता. धूळ प्रकाश सर्व दिशांना विखुरते, त्यात ध्रुवण फारसे नसते, म्हणून त्यावर ध्रुवकाची मात्रा चालत नाही. तिवर आपल्या पानांवर जो क्षार बाहेर टाकतो त्याच्या शुभ्र कणांच्या बाबतीतही असेच घडते. म्हणजे राखी दिसणारे पान चकाकीमुळे राखी आहे, की धुळीने वा क्षाराने, हे कडीच्या एका फेऱ्याने बांधावर उभ्या उभ्या ठरविता येते. पहिल्या मालिकेतील ऑक्टोबरचे चित्र तिने काढून टाकलेले नाही. त्याच्या खाली ‘फिल्टर नाही’ आणि नोव्हेंबरच्या खाली ‘ध्रुवक, कोन अज्ञात’ अशी टीप आहे, आणि तुलना दुसऱ्या मालिकेपासून सुरू होते.

काचेची निगा हा शेवटचा मुद्दा. ध्रुवकाचे पटल दोन काचांमध्ये चिकटविलेले असते. ओल आणि उष्णता यांनी त्याचा चिकटा सुटतो व आयोडीनचा प्रभाव उतरतो, म्हणून मेच्या दुपारी तो बंद गाडीत ठेवू नये. खाडीकाठची खारट हवा व चिखल कडीच्या सांध्यात शिरला की ती अडखळते, आणि जबरदस्तीने फिरविल्यास फिल्टर भिंगावरूनच सुटू लागतो. घरी आल्यावर ओलसर मऊ फडक्याने कडी पुसावी, पाण्यात बुडवू नये. कडीवर कोनाच्या खुणा बहुधा नसतात. बारीक कुंचल्याने पांढऱ्या रंगाच्या आठ रेघा स्वतःच ओढून घ्याव्यात, म्हणजे ४५ अंशांपर्यंतची नोंद वहीत करता येते.